शिराकाबाची साल मनगटावर : ग्रँड सेकोची ऋतूंची घड्याळं

पिंपळपान | २० मार्च, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. आज इकडे शुनबुनची सुट्टी आहे. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या दिवसाची जपानमध्ये सरकारी सुट्टी असते, हे इथे आल्यावर कळलं तेव्हा फार आवडलं होतं. टोकियोतल्या निशिकासाईत आमच्या घरामागे चेरीची रांग आहे. कळ्या टच्च भरल्यात, एकही उघडलेली नाही. चहा घेऊन खिडकीत बसलोय आणि बरेच दिवस मनात असलेला धागा आज काढतोय.

गेल्या ऑक्टोबरात इवाते प्रांतात हिरानिवाच्या पठारावर गेलो होतो. तिथे शिराकाबाचं, म्हणजे पांढऱ्या बर्च झाडांचं रान आहे. पानं पिवळी झालेली, खाली सगळी गळलेली, आणि वर नुसती पांढरी खोडं. साल गुळगुळीत नसते. बारीक चिरा, मध्येच काळपट डोळे, कुठे कागदासारखा सुटलेला पापुद्रा. ऊन ढगाआड गेलं की सगळं रान राखाडी व्हायचं, ऊन आलं की चांदीचं. तासभर मी दुसरं काही केलं नाही.

टोकियोला परतल्यावर गिंझातल्या एका दुकानात सेको या जपानी कंपनीच्या 'ग्रँड सेको' या नाममुद्रेचं ते घड्याळ पाहिलं. एसएलजीएच००५, सगळे त्याला 'व्हाइट बर्च' म्हणतात. फोटोत आधी पाहिलं होतं तेव्हा तबकडीवर नुसत्या रेघोट्या वाटल्या होत्या. हातात घेतलं आणि मनगट जरा कललं, तर हिरानिवात ढग सरकताना झालं होतं तेच झालं. आधी राखाडी, मग चांदी. रेघा सगळ्या उभ्या, पण एकसारखी एकही नाही; खोली वेगळी, रुंदी वेगळी. दुकानातला माणूस काही बोलला नाही, त्याने फक्त दिव्याची दिशा बदलली.

माहिती थोडक्यात देतो. घड्याळ २०२१ चं. पोलादी केस (बाहेरची डबी), ४० मिलिमीटर रुंद, ११.७ जाड. आतलं यंत्र ९एसए५, स्वयंचलित, तासाला ३६,००० ठोके, पूर्ण भरलं की ८० तास चालतं. त्याच वर्षी जिनिव्हाच्या मोठ्या घड्याळ पुरस्कारांत पुरुषांच्या घड्याळांचा पुरस्कार याला मिळाला. हे बनतं शिझुकुइशीला, मोरिओकाजवळ. तिथली लाकडी इमारत वास्तुविशारद केंगो कुमांची, २०२० ची, आणि समोर २,०३८ मीटर उंचीचा इवाते पर्वत.

पंधरा वर्षं नोकरी झाली. हे घड्याळ घ्यावं असं फार मनात आहे. पण घरी कपाटात बाबांचं एचएमटी जनता आहे, ते गेल्यापासून बंद. एक बंद असताना दुसरं घ्यायचं का, इथे माझं पाऊल अडतंय. तुमचं मत ऐकायचंय, आणि कुणी ही घड्याळं वापरत असेल तर अनुभवही.

---

घड्याळजी_सांगली | २० मार्च, रात्री ९:१५

पिंपळपान, आधी बाबांच्या घड्याळाबद्दल. जनता कधी मरत नाही. बंद पडतं ते आतलं तेल सुकून गोंद झाल्यामुळे. बंगलोरला १९६१ मध्ये एचएमटीने सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली, तेव्हा जनताचं यंत्रसुद्धा मुळात जपानीच. सतरा माणकं (आतलं घासणं कमी करणारे खडे), रोज चावी द्यायची. माझ्या टेबलावर आजही आठवड्याला दोन-तीन येतात. कारखाना २०१६ ला बंद झाला, पण सुटे भाग जुन्या घड्याळांतून मिळतात. तुमचं कुणाबरोबर पाठवता आलं तर पाठवा, मी करून देतो.

आता ९एसए५. हे यंत्र मी हातात घेतलेलं नाही, पण त्याचा एस्केपमेंट समजून घेतल्यावर दोन रात्री झोप आली नाही. साध्या भाषेत सांगतो.

घड्याळात कमान, म्हणजे मेन स्प्रिंग, सतत उलगडायला बघते. तिला एकदम उलगडू द्यायचं नाही, घोट घोट सोडायचं. ते काम एस्केपमेंटचं. नेहमीच्या घड्याळात दात्यांचं चाक एका फोर्कला ढकलतं आणि फोर्क बॅलन्स व्हीलला, म्हणजे पुढे-मागे डुलणाऱ्या चाकाला, ढकलतो. म्हणजे जोर प्रत्येक वेळी मध्यस्थामार्फत जातो आणि मध्यस्थ आपला वाटा खातो. घासणं होतं, तेल लागतं, तेल सुकतं. ९एसए५ मध्ये बॅलन्स एका दिशेला फिरताना चाक त्याला थेट ढकलतं, परतीला मात्र फोर्कमार्फत. निम्मे ठोके मध्यस्थाशिवाय. त्यामुळे जोर वाचतो.

हा वाचलेला जोर कुठे गेला ते बघा. सेकंदाला दहा ठोके म्हणजे कमान भराभर रिकामी होणार. याच घराण्यातलं आधीचं ३६,००० ठोक्यांचं यंत्र ९एस८५, ते ५५ तास चालायचं. हे ८० तास चालतं आणि जाडीला त्याच्याहून कमी आहे. दोन कमानीचे डबे आहेत, चाकं एकावर एक रचण्याऐवजी शेजारी शेजारी मांडली आहेत. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलंत तर सोमवारी सकाळी चालू सापडेल.

आणि एक. तुमच्या बाबांचं जनता तासाला १८,००० ठोके देतं. हे बरोब्बर दुप्पट. दोन्ही कानाला लावून ऐका, जनता चालल्यासारखं वाटतं, हे धावल्यासारखं.

---

हिशेबी | २१ मार्च, सकाळी ८:०५

धागा छान, वर्णन सुंदर. पण मला जे वाटतं ते सरळ लिहितो, राग नसावा.

या घड्याळाची अमेरिकेतली किंमत २०२१ मध्ये ९,१०० डॉलर होती. फोन फुकटात याच्याहून अचूक वेळ सांगतो. मग आपण पैसे कशाचे देतो? झाडाच्या नावाचे? बर्चचं रान पाहायला तुम्ही गेलात, तो आनंद तुम्हाला रेल्वेच्या तिकिटात मिळाला. तोच आनंद परत शंभर पटीने विकत घ्यायचा हे मला पटत नाही. निसर्गावर प्रेम असेल तर त्या पैशात गावाकडे झाडं लावता येतील, आणि ती खरी झाडं असतील.

बाबांचं घड्याळ दुरुस्त करा असं मात्र मनापासून सांगेन. सांगलीकर काका म्हणतात तर लगेच.

---

पिंपळपान | २१ मार्च, दुपारी १:३०

काका, फार आभार. चुलतभाऊ एप्रिलमध्ये इथून पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर जनता पाठवतो. व्यक्तिगत निरोप केला आहे.

हिशेबी, राग कसला. तुमचा प्रश्न मीही स्वतःला विचारलाय. वेळ बघण्यासाठी हे घ्यायचंच नाही, त्यामुळे फोनशी तुलना मला अडवत नाही. मला अडवतं ते तुमचं दुसरं वाक्य, तोच आनंद परत विकत घेण्याचं. त्यावर मला जे सुचलं ते असं : हिरानिवात मी तासभर बघितलं कारण तिथे दुसरं काही नव्हतं. टोकियोत सकाळी साडेसातच्या लोकलमध्ये मी काहीच बघत नाही. ती तबकडी बनवणाऱ्या माणसाने माझ्याहून कितीतरी जास्त वेळ त्या सालीकडे पाहिलं असणार. त्याच्या बघण्याचे पैसे मी देईन असं वाटतं. ते किती असावेत हा प्रश्न उरतो, आणि त्यावर तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, रक्कम फार मोठी आहे.

केसबद्दल एक सांगायचं राहिलं. कडा इतक्या धारदार आणि सपाट पृष्ठभाग इतके आरसा आहेत की खिडकीची चौकट त्यात वाकडी होत नाही. या पॉलिशला झारात्सु म्हणतात. शब्द जपानी वाटतो, पण तो सालाझ या परदेशी यंत्राच्या नावाचा जपानी उच्चार आहे. केसचा असा सपाट-धारदार घाट डिझायनर तारो तानाकांनी साठच्या दशकात बसवला आणि १९६७ च्या ४४जीएस या घड्याळात तो पूर्ण दिसला. अजूनही तोच चालू आहे.

---

सूक्ष्मदर्शी | २२ मार्च, रात्री ११:५०

ऋतूंची घड्याळं म्हणताय आणि 'स्नोफ्लेक' राहिलं! माझ्याकडे आहे, सहा वर्षं रोज वापरतोय. अनुभव विचारलात म्हणून लिहितो.

स्नोफ्लेक पहिल्यांदा २००५ मध्ये आलं. ते इवातेचं नाही, नागानो प्रांतातल्या शिओजिरीचं. तिथल्या कारखान्याच्या आसपासच्या डोंगरांवर वाऱ्याने घासलेला बर्फ असतो, तबकडी त्या बर्फाची. मऊ, बारीक चुरा पडल्यासारखी. बघणाऱ्याला ती पांढरीशुभ्र दिसते, पण तिच्यावर पांढरा रंग नाही, चांदीचा मुलामा आहे. म्हणूनच पांढऱ्या रंगाला येतो तसा खडूपणा तिला येत नाही. केस टायटॅनियमची, पोलादापेक्षा साधारण तीस टक्के हलकी. पहिल्या दिवशी हातात घड्याळ आहे की नाही ते बघायला मी चार वेळा बाही वर केली होती.

यंत्र स्प्रिंग ड्राइव्ह. याची कल्पना योशिकाझु आकाहाने या अभियंत्याला १९७७ मध्ये सुचली. पहिलं घड्याळ बाजारात आलं १९९९ ला, आणि आकाहाने १९९८ मध्येच गेले. सहाशेहून जास्त नमुने करून टाकून दिले गेले होते. बावीस वर्षं.

तत्त्व असं : कमान आहे, चाकं आहेत, सगळं यांत्रिक घड्याळासारखं. फक्त शेवटी टिकटिक करणारं बॅलन्स व्हील नाही. तिथे एक चाक सेकंदाला आठ फेरे एकाच दिशेने फिरतं. फिरताना इवलीशी वीज तयार होते, तिच्यावर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. एक चिप दोन्हींची तुलना करते आणि चाक पुढे पळालं की चुंबकाने त्याला हलका ब्रेक लावते. बॅटरी कुठेच नाही. महिन्याला पंधरा सेकंदांच्या आत चूक. सेकंदकाटा उड्या मारत नाही, सरकतो. पाण्यावरून पान वाहत जावं तसा. ऋतूंच्या घड्याळाला हाच काटा शोभतो असं माझं ठाम मत आहे.

---

घड्याळजी_सांगली | २३ मार्च, सकाळी ७:२०

सूक्ष्मदर्शी, माहिती उत्तम. आकाहाने यांना दंडवत. पण मी त्याला यांत्रिक म्हणणार नाही. त्यातली चिप गेली तर माझ्या चिमट्याचा आणि भिंगाचा उपयोग शून्य. जनता माझ्या आजोबांच्या हत्यारांनी उघडतं, ९एसए५ सुद्धा निदान समजतं. टिकटिक पाहिजे. तीच जिवंतपणाची खूण आहे, माझ्यापुरती.

---

सूक्ष्मदर्शी | २३ मार्च, सकाळी ९:००

काका, मान्य नाही, पण तुमच्या टेबलाला मान आहे. जोर कमानीचाच आहे ना? मला तेवढं पुरतं.

---

खगोलवेडा | २९ मार्च, रात्री १०:१०

उशिरा आलो. धाग्यात 'शुनबुन' शब्द दिसला आणि थांबलो, कारण या कंपनीने त्या नावाचं घड्याळच काढलंय. २०१९ मध्ये अमेरिकेसाठी चार घड्याळांचा संच आला : शुनबुन, रिक्का, शूबुन, ताइसेत्सु. शुनबुनची तबकडी फिकट गुलाबी. चेरीच्या पाकळ्या गळून पाण्यावर तरंगतात, एकमेकींना चिकटून तराफा होतो, त्याला जपानीत हाना-इकादा म्हणतात, फुलांचा तराफा. ती तबकडी त्याची. रिक्का हिरवी, शूबुन गडद निळी, ताइसेत्सु हिमाळ ढगाची करडी.

ही नावं ऋतूंची वाटतात पण ती त्याहून बारीक आहेत. जपानी पंचांगात वर्षाचे २४ सेक्की असतात. सूर्य क्रांतिवृत्तावर, म्हणजे आभाळातल्या त्याच्या वर्षभराच्या वाटेवर, १५ अंश सरकला की एक सेक्की, म्हणजे साधारण पंधरा दिवस. रिक्का ५ मेच्या आसपास, ताइसेत्सु ७ डिसेंबरच्या. प्रत्येक सेक्कीचे पुन्हा तीन भाग, एकूण ७२ को, पाच-पाच दिवसांचे. त्यांची नावं म्हणजे एकेक वाक्य आहे. 'पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो', 'पहिली चेरी उमलते', 'रातकिडे दाराशी येतात', 'इंद्रधनुष्य लपतं'. ११ जूनच्या सुमाराला येतो तो 'कुजलेल्या गवताचे काजवे होतात'. भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांनी ही तारीख आणि आपली तारीख ताडून बघावी.

पद्धत मूळची चीनमधली, पीत नदीच्या खोऱ्यातल्या हवेवर बेतलेली. जपानमध्ये ती जुळेना, म्हणून शिबुकावा शुनकाई या ज्योतिर्विदाने १६८५ पासून लागू झालेल्या नव्या पंचांगासोबत को जपानच्या हवेप्रमाणे पुन्हा लिहिले.

आता आपल्याकडे या. आपला शेतकरी वर्ष मोजतो ते सूर्यनक्षत्रांनी. २७ नक्षत्रं, प्रत्येकी १३ अंश २० कला, म्हणजे साडेतेरा दिवस. जवळजवळ सेक्कीएवढाच तुकडा! फरक एक आहे आणि तो मोठा आहे. सेक्की मोजले जातात संपातबिंदूपासून, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, म्हणून शुनबुन कायम दिवस-रात्र समान असतानाच येणार. नक्षत्रं मोजली जातात ताऱ्यांपासून. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो त्यामुळे दोन्हींत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस अंतर पडतं. त्यांचा तोजी, म्हणजे उत्तरायणाचा खरा आरंभ, २१-२२ डिसेंबरला. आपली मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला. एकेकाळी या दोन तारखा एकच होत्या.

---

माळरान | ३० मार्च, पहाटे ५:५०

खगोलवेडा यांचा प्रतिसाद वाचून आमच्या आईला वाचून दाखवला. घड्याळातलं मला काही कळत नाही, बार्शीकडे शेती आहे. पण पाच दिवसांच्या पट्टीला नाव द्यायचं, हे आमच्या घरात बोलायची रीतच आहे.

मृग ७ जूनला लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ऐका. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. हस्त म्हणजे हत्ती, तो सोंडेने ओततो. आणि पडतील स्वाती तर पिकतील मोती. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असलं की आई पेरणीचं बोलते. गाढव किंवा उंदीर असलं की गप्प होते. पाऊस तसा पडतोच असं नाही. पण नाव असल्यामुळे आम्ही त्याची वाट बघतो, आणि वाट बघतो म्हणून आभाळाकडे बघतो.

जपानी माणसाने त्याच्या पंधरवड्याचं नाव घड्याळाला दिलं हे मला फार आवडलं. 'मृग' नावाची तबकडी कशी असेल? मी सांगतो. काळी, ओल्या ढेकळाच्या रंगाची, मध्ये एकच कोवळा हिरवा काटा.

---

पिंपळपान | ३० मार्च, सकाळी ८:००

माळरान दादा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तो काळ्या तबकडीवरचा हिरवा काटा डोळ्यासमोरून हलत नाही. आईंना नमस्कार सांगा.

(इकडे चेरी काल फुलली.)

---

सायली_शिन्शू | २ एप्रिल, दुपारी ४:४५

मी सुवा तलावाजवळ राहते, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. १९६० मध्ये पहिलं ग्रँड सेको बनलं ते इथेच, सुवा सेकोशा या कारखान्यात. किंमत २५,००० येन होती.

याच तलावावरून त्यांनी एक घड्याळ काढलंय, ओमिवातारी. कडाक्याच्या थंडीत तलाव पूर्ण गोठतो. रात्री थंडी वाढली की बर्फाला तडा जातो, तड्यात पाणी येऊन गोठतं, दिवसा बर्फ प्रसरण पावतो आणि तड्याच्या रेषेवर बर्फाची धार उभी राहते. काठापासून काठापर्यंत नागमोडी. आवाज होतो, मोठा. लोक म्हणतात की देव पलीकडच्या काठावर देवीला भेटायला चालत गेला, ती त्याची वाट. घड्याळाची तबकडी फिकट निळसर आणि तिच्यावर त्या बर्फाच्या घड्या.

इथल्या देवळात या बर्फाच्या वाटेच्या नोंदी १४४३ पासून आहेत. पुजारी आजही दर जानेवारीत पहाटे काठावर जाऊन पाण्याचं तापमान बघतात. पण अलीकडे बहुतेक हिवाळ्यांत तलाव पूर्ण गोठतच नाही. तेव्हा ते 'आके नो उमी' जाहीर करतात, म्हणजे 'उघडं पाणी'. क्योटोत चेरीच्या पूर्ण बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासून आहेत, आणि २०२१ मध्ये तो २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर.

हिशेबींचं म्हणणं मला पटतं, पैसे खूप आहेत. तरीही त्या तबकडीकडे बघताना माझ्या मनात वेगळंच येतं. ती वाट मी तलावावर एकदाच पाहिली आहे. माझ्या मुलीला बहुधा ती तबकडीवरच दिसेल. हे मला कुठल्याही जाहिरातीने सांगितलेलं नाही, मी दर हिवाळ्यात काठावर जाऊन बघते.

---

हिशेबी | २ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

सायलीताई, हे वाचून गप्प बसलो. माझं पैशाचं मत तेच आहे. पण 'झाडाच्या नावाचे पैसे' हे शब्द मी मागे घेतो.

---

पोथीवाली | ५ एप्रिल, रात्री ९:४०

बर्च म्हणजे आपला भूर्ज! शब्दसुद्धा एकच आहे. संस्कृत 'भूर्ज' आणि युरोपातला 'बर्च' एकाच मुळाचे. जपानचा शिराकाबा आणि हिमालयातला भूर्ज या एकाच कुळातल्या दोन जाती.

पिंपळपान यांनी लिहिलेला 'कागदासारखा सुटलेला पापुद्रा' वाचून हात थरथरले, कारण आमच्याकडे त्यावर लिहिलेलं आहे. पुण्यात भांडारकर संस्थेत ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं आहेत, २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत ती घेतली गेली. त्यांतलं एक भूर्जपत्रावर आहे, काश्मीरच्या जुन्या शारदा लिपीत. १८७५-७६ च्या काश्मीर दौऱ्यात जर्मन संस्कृतपंडित ब्यूलर यांनी आणलेल्या संग्रहातलं. आणि शून्याचा ठिपका असलेली ती जुन्या गणिताची प्रसिद्ध बख्शाली पोथी, तीही भूर्जपत्रावरच.

भूर्जाची साल थर थर असते, एखाद्या वहीसारखी. त्यावरच्या आडव्या बारीक रेघा म्हणजे झाडाची श्वास घ्यायची छिद्रं. पोथीच्या पानावरही त्या दिसतात, अक्षरांच्या मधून जातात. ज्या सालीवर आपण मंत्र लिहिले आणि अंक लिहिले, तिच्यावर कुणीतरी तास आणि मिनिटं लिहिली, असं मी या घड्याळाकडे बघते आता.

---

खगोलवेडा | ६ एप्रिल, रात्री ११:३०

पोथीवाली, अप्रतिम. वाचनखूण साठवली.

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, ती म्हणजे वादोकेई, जुनी जपानी घड्याळं. तिकडे १८७३ पर्यंत तास सारखे नव्हते. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग. उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब, रात्रीचा आखूड, हिवाळ्यात उलट. युरोपातून यांत्रिक घड्याळ आलं तेव्हा जपानी कारागिरांनी आपली वेळ बदलली नाही, घड्याळ बदललं. डुलणाऱ्या दांडीवर सरकती वजनं लावली. वजन बाहेर सरकवलं की चाल मंद, आत घेतलं की जलद. दिवसाला वेगळी दांडी आणि रात्रीला वेगळी, अशीही घड्याळं झाली. तानाका हिसाशिगे यांनी १८५१ मध्ये बनवलेल्या मान्नेन-दोकेईला तर सहा तोंडं आहेत आणि त्यांतलं एक चोवीस सेक्की दाखवतं.

मग १ जानेवारी १८७३ ला सरकारने पाश्चात्त्य पंचांग आणि समान तास लागू केले. सेकोचे संस्थापक किंतारो हात्तोरी तेव्हा बारा वर्षांचे होते. थोड्याच दिवसांत ते घड्याळाच्या दुकानात उमेदवारी करायला लागले, १८८१ मध्ये स्वतःचं दुकान काढलं.

---

पिंपळपान | ७ एप्रिल, पहाटे ६:२०

खगोलवेडा, हे वाचल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट जुळली, ती लिहून टाकतो.

ग्रँड सेकोचं प्रत्येक यांत्रिक घड्याळ कारखान्यातून निघण्याआधी १७ दिवस तपासतात. सहा स्थितींत आणि तीन तापमानांत : ८, २३ आणि ३८ अंश. म्हणजे हिवाळा, वसंत आणि उन्हाळा. रोजची सरासरी चूक तीन सेकंद मागे ते पाच सेकंद पुढे एवढ्यातच राहायला हवी. पोलाद गरम झालं की पसरतं, हेअरस्प्रिंग (बॅलन्स व्हीलची केसासारखी बारीक स्प्रिंग) सैल पडते, तेल पातळ होतं. थंडीत सगळं उलट. घड्याळजी दोनशेहून जास्त वर्षं भांडताहेत ते याच्याशी, ऋतूशी.

वादोकेईत ऋतू यंत्रात होता. माणूस रोज वजनं सरकवून घड्याळाला सांगायचा की आज दिवस थोडा मोठा झाला. आताच्या यंत्राला ऋतू कळूच द्यायचा नाही, हीच त्याची परीक्षा. आणि नेमक्या त्याच लोकांनी तो ऋतू परत आणून तबकडीवर ठेवला. यंत्रातून काढला म्हणून ठेवला असेल का? हे माझं मत आहे, कंपनीचं नाही. पण हिरानिवाच्या त्या रानात मला जे वाटलं त्याचं कारण मला आज सापडलं.

---

घड्याळजी_सांगली | ७ एप्रिल, सकाळी ७:४५

पिंपळपान, चाळीस वर्षं हेअरस्प्रिंगशी भांडतोय. असं कुणी सांगितलं नव्हतं.

---

पिंपळपान | ११ मे, रात्री १०:००

अपडेट. जनता काकांकडे पोचलं. बर्च अजून घेतलेलं नाही. दुकानात परत एकदा जाऊन बघून आलो, यावेळी पावसाळी दुपारी. तबकडी सगळा वेळ राखाडीच होती, आणि तशीही आवडली. वर्षअखेरीस घ्यायचं ठरवलंय, ताइसेत्सुच्या सुमारास. तोवर पैसेही जमतील. हिशेबी, गावच्या माळावर पन्नास झाडंही लावतोय, जांभूळ आणि करंज. खड्डे काढून झालेत.

---

हिशेबी | १२ मे, सकाळी ८:१५

पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते आत्ताच ठरवा. मदत लागली तर सांगा, मी येईन.

---

माळरान | ८ जून, सकाळी ६:१०

काल मृग लागला. रात्री दोनला पाऊस आला, चांगला दीड तास. बांधावर उभा आहे, मातीचा वास आहे, फोटो टाकता येत नाही त्याचा.

---

घड्याळजी_सांगली | ८ जून, दुपारी १२:४०

पिंपळपान, जनता चालू आहे. पूर्ण खोलून धुतलं, तेल दिलं, कमान नवी टाकली. हेअरस्प्रिंग मूळचीच ठेवली, चांगली आहे. तबकडीला हात लावलेला नाही, 'जनता' ही अक्षरं थोडी पिवळी पडलीत, ती तशीच असू दे. मागच्या झाकणाच्या आत सुईने कोरलेली एक तारीख आहे, १४-६-८१. ती आधीच्या कुणा घड्याळजीची दुरुस्तीची खूण असते, पण तुम्हाला सांगितलेली बरी.

तबकडी वर ठेवून दिवसाला बारा सेकंद पुढे जातंय, चावी खाली केली की वीस मागे. थोडं अजून जुळवायचं आहे. पण सांगलीत आज सकाळपासून पाऊस लागलाय, आणि अशा दमट हवेत मी झाकण उघडत नाही. हेअरस्प्रिंगला गंज धरतो. उघडीप मिळाली की करतो आणि तुमच्या भावाकडे देतो.

---

पिंपळपान | ८ जून, संध्याकाळी ७:२५

काका, घाई अजिबात नाही. पाऊस पडू दे.

१४ जून ८१ ला बाबा सांगलीतच होते, साखर कारखान्यात. आईला फोन करून विचारतो.